चांदूर कोणतं?

अमरावतीच्या एसटी स्टँडवर कोणी ‘मले चांदूरले जायचं आहे’ म्हटलं, की आजूबाजूच्या दोघातिघांच्या तोंडून एकदमच निघतं, ‘कोणतं?’ चांदूर रेल्वे की चांदूर बाजार? दोन्ही तालुक्याची गावं, दोन्ही याच जिल्ह्यातली, आणि रस्ते भलत्याच दिशांना. बरं, हे एवढ्यावर थांबत नाही. धामणगाव रेल्वे आहे तसं धामणगाव गढी आहे. नांदगाव पेठ आणि नांदगाव खंडेश्वर. एक अंजनगाव सुर्जी, दुसरं बडनेऱ्याजवळचं अंजनगाव बारी. मंगरूळ तर दस्तगीर आहे, चव्हाळा आहे, आणि वाशीम जिल्ह्यात मंगरूळपीर आहेच. कारंजा म्हणाल तर लाडांचं वाशीमला, घाडग्यांचं वर्ध्याला. वर बुद्रुक आणि खुर्द यांचा पसारा वेगळा.

माणसांचं यावाचून काही अडलेलं नाही. ‘कोणतं?’ विचारलं की काम होतं. कधी कधी तेही विचारावं लागत नाही. हातातल्या पिशवीवरून, बोलण्याच्या हेलावरून कंडक्टरच ओळखतो. अडतं ते कॉम्प्युटरचं. त्याला उलटून विचारण्याची खोड नाही. म्हणून त्याच्यासाठी कोणीतरी आधीच बसून ‘कोणतं’चं उत्तर भरून ठेवावं लागतं. ते भरून ठेवण्याचं काम मी बरीच वर्षं केलं, अमरावतीत आणि अकोल्यात. कृषी केंद्रं, पतसंस्था, जिनिंगवाले, एखाददुसरी शाळा. खिडकीएवढा फॉर्म, त्यात एक पांढरी पट्टी, पट्टीच्या उजव्या टोकाला खाली पाहणारा बाण. बाणावर क्लिक केलं की यादी उघडते. आमच्या भाषेत याला ‘कॉम्बो भरणं’ म्हणतात, आणि हे काम धंद्यात सगळ्यात खालच्या पायरीचं समजतात. नवीन पोरगा आला की पहिल्या आठवड्यात त्याला हेच देतात.

मला मात्र ते काम कधी हलकं वाटलं नाही. कॉम्बोतल्या प्रत्येक ओळीला दोन अंगं असतात. एक दिसणारा मजकूर, दुसरं न दिसणारं मूल्य. ऑपरेटरला दिसतं ‘चांदूर बाजार’. फाइलीत जाऊन बसतो तो 9. वऱ्हाडात पोराला घरचं नाव वेगळं आणि शाळेच्या हजेरीतलं वेगळं असतं, तसाच प्रकार. गल्लीत बंड्या म्हटलं तरी चालतं, पण मार्कशीट बंड्याच्या नावावर निघत नाही. धंद्याचा पहिला नियम हाच: मजकूर दाखवायचा, मूल्य जपायचं. फाइलीत ‘चांदूर’ लिहून ठेवलं तर एक ऑपरेटर ‘चांदुर’ लिहितो, दुसरा ‘चांदूर रे.’, तिसरा इंग्रजीत लिहून त्यातही एक अक्षर गाळतो, आणि वर्षअखेरीस एका गावाची चार गावं झालेली असतात.

आमच्या पिढीनं हे व्हिज्युअल बेसिक सहावर शिकलं. ती आवृत्ती आली 1998 मध्ये. त्यात यादीत ओळ टाकायची ती ‘ॲडआयटेम’नं, आणि तिचं मूल्य ठेवायचं ‘आयटेमडेटा’त. मधे एक गंमत होती. यादी आपोआप वर्णक्रमानं लावायची सोय चालू ठेवली, तर तुम्ही शेवटी टाकलेली ओळ शेवटी राहत नसे. आपल्या अक्षराप्रमाणं वर कुठंतरी जाऊन बसे. मूल्य मात्र तुम्ही शेवटच्या ओळीला चिकटवलं, तर दर्यापूरचा क्रमांक धारणीला लागायचा. पडद्यावर सगळं ठाकठीक, आत सगळी सरमिसळ. त्यावर इलाज म्हणून ‘न्यूइंडेक्स’ नावाचा एक छोटा शब्द दिलेला होता. आत्ता टाकलेली ओळ नेमकी कितव्या जागी जाऊन बसली, ते तो सांगे. तिथं जाऊन मूल्य ठेवायचं. पुस्तकात या शब्दाला दोन ओळींची जागा होती. आमच्या निम्म्या रात्री त्या दोन ओळींवर चालल्या.

आयटेमडेटात फक्त पूर्णांक मावायचा. अगदी 2,14,74,83,647 पर्यंत मोठा चालेल, पण अक्षर चालणार नाही आणि पुढचं शून्यही टिकणार नाही. 2001 च्या जनगणनेत अकोल्याचा क्रमांक 05, वाशीमचा 06, अमरावतीचा 07. ते आत टाकले की उरतात 5, 6, 7. अकोल्याचा एसटीडी कोड 0724, आत गेला की 724. ज्याला शून्य म्हणजे काहीच नाही असं वाटतं, त्यानं असा एखादा तक्ता परत पाठवला गेल्यावर भरून पाहावा.

यादी मराठीत हवी असली तर आणखी वनवास. व्हीबी सहाच्या त्या पट्टीला युनिकोड उमगत नसे. शुद्ध देवनागरी दिली की ती ओळीनं प्रश्नचिन्हं छापून दाखवी. म्हणून श्रीलिपीसारखे फाँट वापरायचे. पडद्यावर ‘मोर्शी’, पण खाली साठलेली इंग्रजी अक्षरं आणि खुणा, ज्यांचा मोर्शीशी काही संबंध नाही. अशी यादी वर्णक्रमानं लावली की वरुड कुठं, तिवसा कुठं, कशाचा कशाला मेळ नसायचा. पुढं डॉटनेट आलं आणि ही कटकट संपली. अकोला जिल्ह्याची यादी इंग्रजीत अकोल्यापासून सुरू होते. मराठीत लावली की ‘ट’ हा ‘ल’च्या आधी, त्यामुळं अकोट वर आणि जिल्ह्याचं ठिकाण खाली. अकोटच्या एका व्यापाऱ्याला हे इतकं आवडलं, की त्यानं इंग्रजी यादी कायमची काढून टाकायला लावली.

डॉटनेटमध्ये एकेक ओळ टाकायची गरज नाही. सगळा तक्ता एकदम जोडायचा, आणि सांगायचं की दिसायला हा रकाना घे, मूल्याला तो. सांगायचं राहिलं तर पट्टी प्रत्येक ओळीवर एकच नाव दाखवते: सिस्टिम डॉट डेटा डॉट डेटारोव्ह्यू. जिल्ह्याचे चौदाच्या चौदा तालुके एका नावाचे! अमरावती, अचलपूर, धारणी, चिखलदरा, सगळे एकजात. दर नव्या पोराच्या मशीनवर हा चमत्कार एकदा तरी होतोच, आणि तो चेहरा पाडून बसतो.

आता या मूल्याचं. ते कसं असावं यावर आमच्यात हमरीतुमरी व्हायची. काहींचं म्हणणं, मूल्याला अर्थ हवा. पाहिल्याबरोबर कळलं पाहिजे. मी या बाजूचा कधीच नव्हतो, आणि वऱ्हाडातच त्याचा पुरावा आहे. अमरावतीच्या गाडीवर एमएच 27, अकोल्याच्या 30, वाशीमच्या 37. पण जीएसटीच्या नंबरात सुरुवातीला 27 दिसला तर ती अमरावती नव्हे, तो अख्खा महाराष्ट्र; जनगणनेतही राज्याचा क्रमांक तोच. 2011 च्या जनगणनेत जिल्ह्यांचे आकडे वायव्येकडून सुरू होतात, नंदुरबार 497. तिथून येत येत अकोला 501, वाशीम 502, अमरावती 503, आणि शेवट सांगलीला 531 वर. म्हणजे आकड्यात नकाशा आहे. पंचायतराज मंत्रालयाच्या डिरेक्टरीत मात्र इंग्रजी वर्णक्रम: अकोला 467, लगेच अमरावती 468, वाशीम दूर खाली ‘डब्ल्यू’त. दोन्ही याद्या सरकारी, दोन्ही बरोबर. म्हणून अर्थ असलेला आकडा दुसऱ्याकडून उसना घ्यावा, वेगळ्या रकान्यात ठेवावा, आणि आपल्या यादीत आपला मुका क्रमांक चालवावा. 1, 2, 3. ज्याला काहीच म्हणायचं नाही त्याला खोटं पाडता येत नाही.

मजकूर आणि मूल्य वेगळे ठेवल्याचं सुख कळलं ते नामांतरांच्या वेळी. 2011 च्या यादीत औरंगाबाद 515 होतं, उस्मानाबाद 525, अहमदनगर 522. 2023 मध्ये पहिल्या दोन जिल्ह्यांची नावं छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव झाली, 2024 मध्ये तिसऱ्याचं अहिल्यानगर. रस्त्यावर काय काय झालं ते सर्वांनी पाहिलं. माझ्याकडं झालं ते इतकंच, की तक्त्यातल्या तीन ओळींचा मजकूर बदलला. सगळी जुनी बिलं नव्या नावानं बोलू लागली. चहा थंड व्हायच्या आत काम संपलं.

विभाजनाचं तसं नाही. 1 जुलै 1998 रोजी अकोल्यातून वाशीम जिल्हा निघाला. वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा, मानोरा हे सहा तालुके घेऊन. नवं व्हीबी आणि नवा जिल्हा एकाच वर्षातले. कृषी केंद्रांचा जुना डेटा फॉक्सप्रोतून उचलून आणताना प्रश्न उभा राहिला, की कारंज्याच्या गिऱ्हाइकाचं 1997 चं बिल कुठल्या जिल्ह्यात धरायचं? तालुक्याच्या तक्त्यात कारंज्यापुढं वाशीमचा क्रमांक टाकला, की सगळा इतिहास वाशीमला जातो. रिपोर्ट सांगू लागतो, 1997 मध्ये वाशीम जिल्ह्यात इतक्या बॅगा विकल्या, आणि 1997 मध्ये तर वाशीम जिल्हाच नव्हता. न टाकावा तर नवी बिलं अकोल्यात. शेवटी प्रत्येक बिलावर त्या दिवशीचा जिल्हा गोंदवून ठेवावा लागला. नाव बदलणं हा मजकुराचा मामला. घर वाटून घेणं हा मूल्याचा. दुसऱ्याला चहा थंड होण्याइतका वेळ पुरत नाही.

याद्या भरताना सगळ्यात जास्त शिकवलं ते मात्र दर्यापूरकडच्या एका काकाजींनी. खारपाणपट्ट्यातले शेतकरी. निवृत्तीच्या पैशातून कॉम्प्युटर घेतलेला, आणि शेतीचा हिशोब ठेवायला पश्चिम महाराष्ट्रात तयार झालेला एक प्रोग्राम. मला बोलावून त्यांनी कामाच्या प्रकारांची यादी उघडून दाखवली.

‘भाऊ, हे कोळपणी कोन करून राह्यलं?’

‘काकाजी, आपली डवरणीच ती.’

‘मंग तसं लिवा ना. अन हे खुरपणी? आमच्या बाया निंदतात बाप्पा, खुरपत नाहीत. मी इथं खुरपणी निवडली तं मलेच वाटते कोन्या दुसऱ्याचा हिशोब लिहून राह्यलो.’

प्रोग्राम लिहिणाऱ्यानं मूल्य वेगळं ठेवलं होतं, हे त्याचे उपकार. मी मजकूर बदलला. कोळपणीच्या जागी डवरणी, खुरपणीच्या जागी निंदण, बांधाच्या जागी धुरा, सालगड्याच्या जागी सालदार. आत 4, 5, 11, 17 होते तसेच. बारामतीचा आणि दर्यापूरचा हिशोब आतून एकच राहिला, बाहेरून ज्याचा त्याला ओळखू आला. काकाजी पडद्याकडं पाहून म्हणाले, ‘हां, आता हे आपलं वावर आहे.’

पण त्याच काकाजींनी पुढच्या यादीत मला उलटं पाडलं. सोयाबीनच्या वाणांत मी मजकूर सजवून लिहिला होता. ते म्हणाले, ‘एवढं कायले? तीनशे पस्तीस लिवा.’ जबलपूरच्या कृषी विद्यापीठाचं जेएस 335, जवाहर सोयाबीन. वऱ्हाडात गावोगाव ते नुसत्या आकड्यानं ओळखतात. हरभऱ्याचं 9218 मात्र नंबर टाकून ‘जाकी’ झालं, आणि अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या कपाशीचं ‘रजत’ नावानंच चाललं. लोक मजकूर धरतील की मूल्य, याचा काही कायदा नाही. जे जिभेवर बसतं ते टिकतं.

यादीची पहिली ओळ हाही एक स्वतंत्र विषय आहे. एका पतसंस्थेत फॉर्म उघडला की तालुक्याच्या पट्टीत इंग्रजी यादीतली पहिली ओळ आपोआप बसलेली असायची: अचलपूर. ऑपरेटरला कंटाळा आला की तो ती पट्टी ओलांडून पुढं जाई. वर्षभरात संस्थेचे निम्मे खातेदार अचलपूरचे झाले. संचालकांच्या बैठकीत तिथं शाखा काढायचा विषयही निघाला. शाखा निघाली नाही हे अचलपूरचं दुर्दैव की संस्थेचं सुदैव, मला ठरवता येत नाही. तेव्हापासून माझ्या प्रत्येक यादीची पहिली ओळ ‘निवडा’ अशी, मूल्य शून्य, आणि शून्य असेल तर फॉर्म जतनच होणार नाही.

पहिल्या ओळीला उपाय आहे. शेवटच्या ओळीला नाही. शेवटची ओळ म्हणजे ‘इतर’. एका शाळेच्या प्रवेशाच्या प्रोग्राममध्ये मातृभाषेची यादी होती: मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, सिंधी, इतर. मेळघाटातली, धारणी-चिखलदऱ्याकडची मुलं वसतिगृहात राहून शिकायची. ती सगळी ‘इतर’मध्ये. त्यांची भाषा कोरकू. मराठी-हिंदीशी तिचं नातं नाही. ती मुंडारी, संथाळी यांच्या कुळातली, इतक्या पश्चिमेला येऊन टिकलेली. 2011 च्या जनगणनेत ती बोलणारे सात लाखांवर आहेत, आणि जनगणनेच्या यादीत कोरकूला स्वतःची ओळ आहे. शाळेच्या यादीत नव्हती, कारण यादी भरणाऱ्याच्या ओळखीत कोरकू बोलणारं कोणी नव्हतं. मी ओळ वाढवली. नव्या वर्षापासून मुलं कोरकू झाली. जुन्या वर्षांचं काय करणार? नाव चुकलं तर दुरुस्त होतं, जिल्हा वाटला गेला तर कष्टानं का होईना निस्तरता येतो. पण ‘इतर’चं मूल्य 6 एकदा पडलं, की त्या सहात कोरकू कोण, तेलुगू कोण आणि मारवाडी कोण, हे सांगणारं फाइलीत काही उरत नाही.

याद्यांचा हा धाक काही कॉम्प्युटरनं आणलेला नाही. कागदावरच्या रकान्यांत तो आधीपासून आहे, आणि वऱ्हाडात त्याची सगळ्यात कठीण यादी तीनच शब्दांची आहे: पात्र, अपात्र, चौकशीसाठी प्रलंबित. शेतकरी आत्महत्येच्या प्रत्येक प्रकरणाला जिल्ह्याची समिती यातला एक शब्द लावते. 2006 च्या शासन निर्णयाप्रमाणं नापिकी, कर्ज, परतफेडीचा तगादा ही कारणं पाहतात. कर्ज बँकेचं, सहकारी पतसंस्थेचं किंवा परवान्याच्या सावकाराचं असावं लागतं. प्रकरण यात बसलं तर घरच्यांना एक लाख रुपये. मेहुण्याकडून घेतलेले, बिनपरवाना सावकाराकडून उचललेले, कृषी केंद्रात खतबियाण्यापोटी थकलेले पैसे त्या यादीत मोडत नाहीत. आणि मी तर कृषी केंद्रांचेच प्रोग्राम लिहीत होतो. पैशाच्या प्रकाराची पट्टी मीच भरलेली: रोख 1, उधार 2, चेक 3, पुढं ऑनलाइन 4. जूनमध्ये गावच्या गाव त्या 2 वर असायचं. माझ्या यादीत ते कर्ज होतं, समितीच्या यादीत नव्हतं. निकष कुठंतरी आखावेच लागतात, हे मलाही कळतं. सरकारी तिजोरी तोंडी सांगण्यावर उघडत नाही. तरी वर्तमानपत्रात महिन्याचा तो तक्ता आला की मी आधी अपात्रचा रकाना वाचतो.

यादी बंद ठेवायची की उघडी, हा विषय अकोल्याच्या एका कृषी केंद्रात अजून मिटलेला नाही. दुकान बापलेकांचं. लेक बी.कॉम. झालेला, त्याचं म्हणणं, सगळ्या पट्ट्या बंद करा, टाइप करायची मुभाच नको, यादीत असेल तेच निवडायचं. नाही तर रिपोर्ट घाण होतो. तांत्रिकदृष्ट्या त्याचं शंभर टक्के बरोबर आहे, आणि ते करायला मला एक गुणधर्म बदलावा लागतो, बाकी काही नाही. बापाला ते मान्य नाही. शेवटी तोड निघाली, की पट्ट्या बंद ठेवायच्या, पण नवी ओळ वाढवायचा पासवर्ड बापाकडं. त्यांनी आतापर्यंत कपाशीच्या प्रतीत ‘फरदड’ वाढवली, गावांत दोन खुर्द आणि एक वाडी वाढवली. मग एकदा पैशाच्या प्रकारात पाचवी ओळ टाकली: ‘कापूस विकल्यावर’.

लेक माझ्याकडं तक्रार घेऊन आला. ‘सर, हे उधारच ना? दोन नंबर आहे की त्याच्यासाठी.’

बाप गल्ल्यावरून म्हणाले, ‘कसं एक? दोन नंबरवाल्याले तुही मशीन दर पंधरा दिवसाले चिठ्ठी काढते. याले नाही काढायची.’

मी स्मरणपत्रांच्या छपाईत अट घातली. मूल्य 5 असेल तर चिठ्ठी निघत नाही.